आधी माळा रिकामा

बदलापूरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती माझ्या शेजारी बसायची. नाव मी कधी विचारलंच नाही. आम्ही सगळे आधी प्रोग्राम लिहायचो. ही मात्र एकही ओळ लिहिण्याआधी काळ्या स्क्रीनवर कमांड देऊन दूरच्या सर्व्हरवर कोड साठवायची रिकामी जागा, म्हणजे रिपॉझिटरी, तयार करायची आणि मग निवांत बोटं मोडायची.

“आत्ता ठेवायला काही नाही, तर घाई कसली गं?” मी चिडवलं.

“मांजर्लीत नदीकाठी तळमजल्यावर राहते मी. पावसाळ्याआधी आम्ही माळा रिकामा करून ठेवतो. पाणी आल्यावर जागा शोधत बसायचं का?”

त्या जुलैत नदी तिच्या घरात शिरली. गाद्या, फ्रिज, लॅपटॉप, सगळं गेलं. पाणी ओसरल्यावर ती क्लासला आली, कमांड दिली आणि रोज लिहून सर्व्हरवर पाठवलेला सगळा कोड समोर आला. तिने लगेच फोन लावला.

“आई, माझं काहीच भिजलं नाही गं.”