हुकावरचं वजन

“उतर खाली. तुयं वजन मालात नाई धरत मी.”

दर्यापूरहून अंजनगावकडे निघालं की उजव्या हाताला एक वजनकाटा लागायचा. त्याच्या खिडकीतून रोज सकाळी हे ऐकू यायचं. मी भाजीवाला माणूस. पिकअपमध्ये कोबी-वांगी, मागं दोन चाकांच्या ट्रॉलीत कांद्याचे कट्टे, आणि सगळं घाटातून सेमाडोहला पोचवायचं. सकाळी घाई असते हो! तुम्हीही अशी अडून बसणारी माणसं पाहिली असतील. पण काट्यावरच्या काकांची गोष्टच न्यारी होती.

आधी ट्रॉली सोडायची. पिकअप वेगळी तोलायची, ट्रॉली वेगळी. मग ड्रायव्हरनं एकट्यानं काट्याच्या भल्यामोठ्या पत्र्यावर उभं राहायचं. काटा ट्रकांचा, दहा-दहा किलोनं सरकणारा. माझे सत्तर भरायचे. काका ते पावतीच्या मागं पेन्सिलनं लिहीत आणि पावतीची एक प्रत भिंतीतल्या खिळ्याला टोचून ठेवत.

“हे घरी पोचलं पायजे.”

“काका, हार-नारळही ठेवा आता माह्या पुढं,” मी म्हणायचो. बाकीचे ड्रायव्हर हसायचे. काका हसत नसत.

परतताना काट्यासमोर हॉर्न द्यायचा, हा त्यांचा दुसरा नेम. हॉर्न ऐकला की ते खिळ्यावरची पावती काढून टर्रकन फाडत. रस्त्यापर्यंत आवाज यायचा. “झालं. जाय आता, माय वाट पाहून राहिली अशीन.”

एकदा मला फारच उशीर झाला होता. पिकअप बाजारातच तोलून आणली होती, ट्रॉली वाटेत जोडली. मी म्हटलं, “सोडत नाही आज. जोडलेलीच ट्रॉली पत्र्यावर घेतो, बेरीज करा अन् मोकळं करा मले.”

काका बाहेर आले. खाली बसले आणि स्वतःच हुकाची पिन उपसू लागले. माझा राग आणखी चढला.

“काहून एवढा तरास देता हो?”

“जोडेल ट्रॉलीचा भार हुकावर लटकते,” ते मान वर न करता म्हणाले. “काटा कमी दाखवते. म्या एकडाव तशीच तोलली. माह्या लहान भावाची. तो म्हने, दादा, मंडपाचं सामान हाय, टाइम नाई. म्या पावती देल्ली लिहून.”

“मंग?”

“भार जास्त होता, घाट उतरतानी ट्रॉलीनं गाडीले ढकललं. वापस नाई आला तो.”

पिन मी उपसली. त्यांच्याकडे पाहायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर चूक माझ्याच हातून झाली. सेमाडोहहून परतवाड्याला उतरलो आणि तिथून बहिणीकडे अमरावतीला गेलो. काकांना फोन करायचं डोक्यातच आलं नाही. चौथ्या दिवशी काट्यावर हॉर्न दिला. काका खुर्चीवर बसलेले, दाढी वाढलेली. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, “घरी गेलेच नाई ते. डबाबी वापस धाडला.” मी पाय धरले. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं, दंड दाबून पाहिला.

“सत्तर,” म्हणाले. “सांगता येत नाई काय बे, भैताडा?”

आणि ते रडले. मीही रडलो, लाज कसली त्यात.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. काटा बंद झाला, पत्र्याच्या फटींतून गवत आलं. पंक्चरवाल्याकडे किल्ली होती. एकदा त्याच्याबरोबर आत गेलो. खिळ्यावर एकच पावती उरली होती, पिवळी पडलेली. पिकअप अमुक, ट्रॉली तमुक, खाली बेरीज, आणि गाडी कोणाची तिथं नुसतं ‘लहान्या’. उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती. त्या दिवशी त्याला कोणी खाली उतरवलं नव्हतं.

मी ती होती तशीच टोचून ठेवली.

अजूनही घाटातून परतताना तिथं हॉर्न देतो. गाडी बंद करतो आणि कान देऊन बसतो. कागद फाटल्याचा आवाज येत नाही. मला वाटतं, काका आत आहेत, आणि लहान्याच्या गाडीचा हॉर्न अजून वाजायचा आहे.