नवऱ्याच्या मेडिकल बुकातली गोळी

आमच्याकडे धुणंभांडं करणाऱ्या बाईचा डावा पाय उजव्यापेक्षा जाड होता, आणि तो माझ्यामुळे जाड झाला होता. पाय राहिला हे नशीब, कारण त्या दिवसांत तो जायचीच वेळ आली होती, आणि पायाबरोबर ती स्वतःसुद्धा. ब्लॉकमधल्या बायका उलट मलाच म्हणायच्या, तुम्ही होतात म्हणून बिचारी वाचली. मी ऐकून घ्यायची. आज ते आठवलं तरी स्वतःची किळस येते.

सुरुवात मेडिकल बुकापासून करायला हवी. लग्न होऊन मी नागपूरहून भोपाळला आले तेव्हा हे कारखान्यात टेक्निशियन होते. कारखाना सरकारी, टाउनशिप सरकारी. क्वार्टर, शाळा, बाग, दवाखाना, सगळं कुंपणाच्या आत. तुलसी नगरला आमचे नातेवाईक होते, मंत्रालयातले कारकून, ते यायचे आणि सुस्कारे सोडायचे. तुमचं काय बाई, दवाखाना दारात. दवाखान्याचं एक बुक असायचं, खाकी पुठ्ठ्याचं, वर ह्यांचा स्टाफ नंबर. आत पानं ठरलेली, एक ह्यांचं, एक पत्नीचं, एक मुलीचं, एक आईचं. फोटो कुणाचाच नाही.

त्या बुकाची एक रीत होती. पहिल्यांदा रोगी जायचा, पुढे नुसतं बुक जायचं. पहिल्या पाळीला जाताना पुरुष खिडकीतून बुकं आत सरकवायचे, डॉक्टर त्या गठ्ठ्यातलं एकेक उघडून ‘रिपीट’ लिहून सही ठोकायचे, आणि परतताना औषधाची पुडी मिळायची. रोगी घरी, बुक दवाखान्यात. लोकांना याचा केवढा अभिमान. रांग नाही, कटकट नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं अशातला प्रकार, पण त्याला आम्ही सगळे सुविधा म्हणायचो.

मुलगी दहा महिन्यांची झाली तेव्हा ह्यांनी ठरवलं, इतक्यात दुसरं नको. आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, बच्चे कितने? हे म्हणाले, एक. अगला कब? हे म्हणाले, तीन साल बाद. मी स्टुलावर मुलीला घेऊन बसले होते. माझ्याकडे कुणी मान वळवून बघितलं नाही. रक्तदाब मोजायचं मशीन टेबलावरच होतं, त्याच्यावर कुणाचा तरी जेवणाचा डबा ठेवलेला होता. दोन मिनिटांत माझ्या पानावर गोळी लिहून झाली, आणि त्यानंतर दीड वर्ष मी त्या डॉक्टरांना दिसले नाही.

पहिले दोन महिने मळमळ. पालक चिरायला घेतला तरी उमासे यायचे. छाती दुखायची, मधेच डाग पडायचे. हे म्हणाले, सवय होईल. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी होत्या का वं गोळ्या? नखरे नुसते." मळमळ खरंच गेली. मग डोकं सुरू झालं. आधी डोळ्याच्या कडेला एक वेडीवाकडी रेघ चमकायची, करवतीच्या दात्यांसारखी. मग समोरचं अर्धं नाहीसं व्हायचं. पेपर वाचताना ओळीचा शेवट दिसायचा, सुरुवात नाही. अर्ध्या तासानं डोकं एका बाजूनं असं फुटायचं की मी मोरीत ओकत बसायची. हे दवाखान्यातून डोकेदुखीची गोळी घेऊन आले. पुढच्या महिन्यापासून तीही रिपीट.

उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा आईच्या डोळ्यांदेखत मी एकदा अशी ओकले. ती मला धरून एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्या बाईंनी काही बोलायच्या आधी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. मग एकामागून एक प्रश्न. डोकं दुखायच्या आधी काही चमकतं का? रक्तदाब कुणी बघितला होता का? विडी-सिगारेट? पोटरी सुजते का, एकाच पायाची? घरात कुणाला लकवा, रक्ताची गाठ? मी चमकणाऱ्या रेघेचं सांगितलं तशा त्या लिहायच्या थांबल्या.

"आजपासून ही गोळी बंद," त्या म्हणाल्या. "गोळी वाईट नाही गं. पुष्कळ जणींना छान मानवते. पण विचारल्याशिवाय, तपासल्याशिवाय द्यायची नसते. तुझ्यासारखीला तर नाहीच. एखाद्या दिवशी लकवा मारला असता."

त्यांनी तांबी बसवून दिली. दोन महिन्यांत ती रेघ गेली. दीड वर्ष मी जे नशीब समजत होते ते एका पानावरच्या एका शब्दानं आलं होतं. मला त्या डॉक्टरांची, त्या खिडकीची, ‘सवय होईल’ म्हणणाऱ्या ह्यांची इतकी घृणा आली की परतीच्या गाडीत मी रडत नव्हते, दात खात होते.

आणि भोपाळला येऊन मी काय केलं? काहीच नाही. घरात सांगितलंच नाही. माहेरच्यांनी परस्पर ठरवलं म्हणून हे आठवडाभर फुगून बसले असते, सासूबाईंनी त्यावर तूप ओतलं असतं. कोण वाद घालणार. बुक जात राहिलं, पाकिटं येत राहिली. मी ती बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात टाकायची. फेकवत नव्हती. सरकारी क्वार्टरात राहणारी बाई फुकट मिळालेलं काही फेकत नाही, खाकी पाकीटसुद्धा उलटं करून वापरते.

तो डबा भांडीवालीनं बघितला. ती भिंतीपलीकडच्या बस्तीत राहायची. वय विचारलं तर कधी पस्तीस सांगायची, कधी चाळीस. चार मुलं. नवरा आमच्याच कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली, म्हणजे क्वार्टर नाही, बुक नाही. भांडी झाली की मागच्या दाराशी उकिडवी बसून एक विडी ओढायची. एक दिवस राखेनं कढई घासता घासता म्हणाली, "भाभी, पाँचवाँ नहीं चाहिए. पिछली बार ही मरते-मरते बची हूँ. वो गोली मुझे दे दो."

मला त्या क्षणी फार मोठं झाल्यासारखं वाटलं. मी डबा काढला. कोणत्या दिवशी सुरू करायची, रोज एकाच वेळी कशी घ्यायची, मधे कधी थांबायचं, सगळं शहाणपण पाजळलं. दर महिन्याला एक पाकीट देईन म्हणाले. ती जवळ आली तसा विडीचा वास आला. मी पदर नाकाला लावला आणि दुसऱ्या हातानं पाकीट दिलं.

त्या डॉक्टरीणबाईंचे प्रश्न मला पाठ होते. विडी-सिगारेट? वय? रक्तदाब? एकही विचारला नाही. विसरले असते तर गोष्ट वेगळी. मला आठवत होतं. मला फक्त असं वाटलं की या बायकांना काय होतंय, यांची शरीरं दणकट असतात. हे मी आज लिहिते आहे आणि मला माझ्याच तोंडावर थुंकावंसं वाटतं.

दुसऱ्या महिन्यात ती म्हणाली, डोकं जड राहतं, जेवण जात नाही. मी पोळ्या लाटत होते. न वळताच म्हणाले, "आदत हो जाएगी." ह्यांचं वाक्य, ह्यांच्याच आवाजात.

पाचव्या महिन्यात ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीला धरत धरत आली. डाव्या पायाची पोटरी टरारलेली, लाल. दोन दिवस लेकीकडून मोहरीच्या तेलानं चोळून घेतली होती. मी हात लावला, चटका बसावा इतकी गरम. एकाच पायाची. माझ्या कानाशी डॉक्टरीणबाईंचा तो प्रश्न वाजला.

मग मी ती गोष्ट केली जी फक्त टाउनशिपच्या बाईलाच सुचेल. बुकात फोटो नाही, हे मला माहीत होतं. मी तिला माझी बरी साडी नेसवली, माझ्यासारखं कुंकू लावलं, रिक्षात ह्यांचा स्टाफ नंबर पाठ करून घेतला, आणि माझं बुक देऊन तिला दवाखान्यात आत पाठवलं. माझ्या नावानं. मी सोबतची शेजारीण म्हणून मागे उभी राहिले.

डॉक्टरांनी पाय बघितला आणि पहिल्यांदाच डबा बाजूला ठेवून मशीन उघडलं. पट्टा आवळला, आकडा बघितला, पुन्हा आवळला. मग नाक वर करून म्हणाले, "बीड़ी पीती हो?" तिनं मान हलवली. त्यांनी पान उलटलं. "गोली भी खाती हो? इस बीपी में? इस उमर में? किस गधे ने लिखी?"

पानावर अडीच वर्षांच्या सह्या होत्या, एकाखाली एक. सगळ्या त्यांच्याच. मला ते दृश्य बघून एक क्षण दुष्ट आनंद झाला, खोटं कशाला बोलू.  डॉक्टरांनी पानावर तारीख टाकली, पायात रक्ताची गाठ असल्याचा संशय लिहिला, गोळी लगेच बंद असं लिहिलं, आणि कारखान्याच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवायची चिठ्ठी दिली. म्हणाले, आत्ताच्या आत्ता.

बाहेर रिक्षात बसल्यावर माझी अक्कल जागी झाली. मोठ्या हॉस्पिटलात भरती करताना नवऱ्याला बोलावतात, त्याचं ओळखपत्र बघतात. ही माझ्या नावानं खाटेवर पडणार आणि हे येऊन उभे राहणार. ह्यांची नोकरी. मी रिक्षावाल्याला जुन्या शहरातल्या सरकारी दवाखान्याकडे वळायला सांगितलं. चिठ्ठीवर माझं नाव होतं, म्हणून वाटेत ती फाडली. गोळी, रक्तदाब, गाठ, डॉक्टरांनी लिहिलेलं सगळं त्या चिठ्ठीत होतं. तुकडे मी रिक्षाच्या बाहेर सोडले. तिनं बघितलं. दवाखान्याच्या दारात तिला उतरवलं, तिच्या मोठ्या लेकीला निरोप धाडला, आणि दुपारच्या चहाला घरी हजर झाले.

ती तिथे कितीतरी दिवस होती. मी एकदाही गेले नाही. सासूबाईंना सांगितलं, तिला ताप आहे.

पुढचा महिना लागला. हे संध्याकाळी आले आणि नेहमीसारखं पाकीट टेबलावर टाकलं. मी बुक उघडलं. गाठीचा संशय, गोळी लगेच बंद, हे डॉक्टरांच्याच अक्षरात. त्याच्याच खाली, त्याच शाईत, ‘रिपीट’. आणि सही. ह्यांनीही पान बघितलं नव्हतं, ते कधीच बघत नसत. मी डब्यातली सगळी पाकिटं संडासात रिकामी केली आणि रात्रीच्या जेवणाला ह्यांना तांबीचं सांगितलं. माझ्यापुरतं सांगितलं. बाईचं नाही.

दोन महिन्यांनी ती परत आली, पाय पट्टीत गुंडाळलेला, उकिडवं बसता येत नव्हतं. मी तिला मोरीत एक स्टूल दिलं. केवढं माझं मन. तिनं ब्लॉकभर सांगितलं, भाभी खुद लेके गईं, भाभी ने बचाया. हळदीकुंकवाला बायका मला ओवाळल्यासारखं बघायच्या.

त्या स्टुलावर बसून तिनं आमची भांडी वीस वर्षं घासली. हे रिटायर झाले, क्वार्टर सोडायचं ठरलं, कोलार रोडला फ्लॅट घेतला. सामान बांधायला ती आली होती. भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाली, धाकटीचं लग्न झालंय, तिच्या घरचे लगेच मूल नको म्हणतात. "भाभी, वही गोली दिलवा दो, जो घर बैठे मिलती थी."

मी तिला म्हणाले, आधी डॉक्टरकडे ने. रक्तदाब बघायला सांग. डोकं दुखतं का, विडी ओढते का, पाय सुजतो का, सगळं विचारू दे. मानवत असेल तर खुशाल घेऊ दे.  मग मी खाली बसले आणि तिला सांगितलं की तिचा पाय माझ्या गोळ्यांनी असा झाला, मला विचारायचे प्रश्न माहीत होते आणि मी विचारले नाहीत.

ती कागद गुंडाळत राहिली. "जानती हूँ, भाभी. अस्पताल में डॉक्टरनी ने पूछा था, गोली किसने दी. मैंने कहा, दुकान से ली."

"मेरा नाम क्यों नहीं लिया?"

तिनं पातेलं खोक्यात ठेवलं. "नाम लेती तो आप काम से निकाल देतीं."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण मी काढलंच असतं, त्याच आठवड्यात, आणि ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. तिनं जाडा पाय हातानं उचलून सरळ केला आणि पुढचं भांडं मागितलं.