पट्टी कोरी निघेस्तोवर

पोस्टकार्ड आलं तेव्हा मी नकाशा रंगवत होतो. वर रिसोडचा शिक्का आणि कोपरा फाडलेला, म्हणजे तिथलं कुणीतरी गेलं होतं; तरी आधी उठून हात धुतले, मग वाचलं. रिसोडला आपल्या घरी नारायणराव वानखडे गेले... आणि गेल्यावरही त्यांचं कार्ड रंगाच्या हातानं धरायची माझी छाती झाली नाही.

वाशीमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी ड्रॉइंग. एकाच वर्षी नोकरीला लागलो आणि लग्नं होईपर्यंत एकाच खोलीत राहिलो. नारायणराव शेतकऱ्याघरचे, बैलाला खरारा करावा तशा मायेनं ते शाळेचं एक यंत्र साफ करीत. सागवानी पेटीत तारेचं मोठं वेटोळं आणि त्यापुढे समोरासमोर प्लॅटिनमचे दोन बारके ठिपके. बॅटरी जोडली की ते ठिपके एकमेकांना लागत-सुटत गुणगुणायचे, ठिणग्या पडायच्या, आणि तारांना जोडलेली, आतली हवा काढलेली काचेची नळी जांभळ्या उजेडानं भरून जायची. त्या ठिपक्यांना बोट लागलेलं नारायणरावांना खपत नसे. कोऱ्या कागदाची पट्टी ठिपक्यांमध्ये धरायची, ठिपके दाबायचे, पट्टी हळूच ओढायची. काळी निघाली की दुसरी. "कोरी निघेस्तोवर थांबाचं नाई," ते म्हणत. "आन तुमी लांबच ऱ्हा. तुमच्या बोटाले कवा कोनता रंग असते, काई भरोसा नाई."

एका वर्षी वरून हुकूम आला. दसऱ्याची सुटी संपली की तपासणीला साहेब येणार आणि विज्ञानाचा वर्ग ठेवायचा की बंद करायचा ते ठरवणार. वर्ग गेला की नारायणराव रिसोडला नांगरामागे, आणि खोलीत मी एकटा. मला ते नको होतं, सरळ सांगतो. खंडेनवमीला घरोघर हत्यारं-अवजारं पुजली जात होती, मी माझे ब्रश पुजले, आणि मनात आलं, नारायणराव तर सुटीला रिसोडला गेलेले, त्या यंत्राचं कोण करणार? शिपायाकडून किल्ली घेतली. यंत्राचा जीव कुठे असेल? जिथे ठिणगी पडते तिथे. तेव्हा चांगलं ओलं हळदकुंकू मी नेमकं त्या दोन ठिपक्यांवर लावलं, फूल वाहिलं आणि मोठं काम केल्याच्या थाटात खोलीवर आलो.

तपासणीच्या दिवशी अंधार करायला खिडक्यांवर जाजमं टांगली होती. नारायणरावांनी बॅटरी जोडली... काही नाही. गुणगुण नाही, ठिणगी नाही. अंधारात साहेब खाकरले. नारायणरावांनी एक जाजम वर करायला लावलं आणि पट्टी ओढली. पट्टी लाल निघाली. त्यांनी ती क्षणभर पाहिली आणि खिशात टाकली.

"हे लाल काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"गंज, साहेब."

प्लॅटिनमला गंज चढत नाही हे मला नारायणरावांनीच शिकवलं होतं. साहेबांना कुणी शिकवलं नसावं. पाच पट्ट्या लाल-पिवळ्या गेल्या, सहावी कोरी निघाली, आणि नळी अशी उजळली की साहेब खुर्ची सोडून जवळ आले. वर्ग राहिला.

मी मात्र तोंड शिवून बसलो. त्यांना शिपायाचा संशय असेल म्हणून गप्प, मग उशीर झाला म्हणून गप्प. पुढे दर दसऱ्याला सोनं द्यायला गेलो की घरभर माणसं असली तरी ते मलाच उंबऱ्यावर अडवायचे. "आधी हात धुवा." मला वाटे, रंगांमुळे.

तेरवी झाल्यावर रिसोडला वहिनींना भेटायला गेलो. कोनाड्यात ती पेटी होती. शाळेनं मोडीत काढली तेव्हा नारायणरावांनी घरी आणलेली. चहा देता देता वहिनी म्हणाल्या, "कुकू तुमीच लावलं व्हतं ना? हे दर दसऱ्याले सांगत अन् हसत. म्या म्हनलं, इचारून टाका ना एकडाव. तं म्हनत, मी कायले इचारू, थेच सांगतीन कवातरी."

इतकी वर्षं तो माणूस वाट पाहत होता, आणि मी हात धूत होतो. लाज वाटली, हसू आलं, आणि मग वहिनींसमोरच रडलो.

उठून न्हाणीवर गेलो, हात धुतले आणि पेटी उघडली. "नारायणराव, कुंकू मीच लावलं होतं," मी म्हणालो. मग खिशातल्या कागदाची पट्टी फाडली, ठिपक्यांमध्ये धरली, दाबून हळूच ओढली. पहिलीच पट्टी कोरी निघाली.