मेजरांची बिनटपाची गाडी

मेजरांची गाडी जोडून झाली तेव्हा डबाभर नटबोल्ट उरले. मेजर म्हणतात, ते स्पेअर आहेत. मेहबूबभाई म्हणतात, ते कुठे ना कुठे बसायला हवे होते. मी त्यात पडत नाही. नटबोल्ट मेजरांनी फळीवर ठेवून दिले आणि किस्से माझ्या गळ्यात पडले. आता कुठेही मांडव घालायला गेलो की चहा पिता पिता कुणीतरी म्हणतंच, "ते मेजरांचं सांगा की."

तर ओळख करून देतो. मी साताऱ्यात लग्नाच्या मांडवांचं लायटिंग करतो. मेहबूबभाई सांगलीचे. ते फायबरच्या घसरगुंड्या करतात, आणि बागेत तोंड उघडून उभे असतात ते पेंग्विनचे कचऱ्याचे डबेही. आणि मेजर म्हणजे आमच्याच बाजूचे, सातारा-कोरेगाव रस्त्यावर घर. आर्मीत ट्रक चालवायचे, हवालदार म्हणून रिटायर झाले. मेजर त्यांना गावानं केलं.

*

गाडी घरी जोडायची हे खूळ कशासाठी, असं लोक विचारतात. ते हौसावहिनींसाठी.

वहिनी म्हणजे मेजरांच्या मिसेस. त्यांना गाडी लागते. म्हणजे साधीसुधी नाही. एसटी स्टँडातून बाहेर पडायच्या आत लागते. माहेरच्या लग्नाला निघाल्या आणि पहिल्याच थांब्यावर उतरून चालत परत आल्या, असं पुष्कळदा झालंय. धुऊन वाळवलेली प्लॅस्टिकची एक पिशवी चौघडी घालून त्यांच्या मुठीत कायम असायची. मेजरांच्या उभ्या नोकरीत त्या एकदाही त्यांच्या पोस्टिंगच्या गावाला गेल्या नाहीत, त्या याच कारणानं.

तेही चाललं असतं. पण लेक, सुरेखा, दिली पाचगणीला. जावयाची स्ट्रॉबेरीची शेती. लग्न इकडेच झालं, बाळंतपणं इकडेच झाली, सणावाराला सुरेखा खाली येते. पण लेकीचं घर आईनं पाहिलेलं नाही. पसरणीचा घाट मधे.

एकदा जावई स्वतःची नवीकोरी एसी गाडी घेऊन न्यायला आले. वाईपर्यंत वहिनी डोळे मिटून बसल्या. घाटाच्या तिसऱ्या वळणावर गाडी परत फिरवावी लागली. जावई भला माणूस. म्हणाले, "आई, सीट कवर तसंबी मला आवडत नव्हतं."

मग एका ऊसतोडीच्या हंगामात मेजरांनी काय पाहिलं, तर वहिनी ट्रॅक्टरच्या मोकळ्या ट्रॉलीत उसाच्या मोळ्यांवर बसून शेतातून घरी येतायत. हातात भाकरी, आणि शेजारणीशी गप्पा. रस्ता हा असा, ट्रॉली आदळतेय, आणि वहिनी खुशाल जेवतायत!

मेजर त्याच संध्याकाळी माझ्याकडे आले. म्हणाले, "गड्या, हिला गाडीचा काय त्रास न्हाई. त्रास हाय तो टपाचा."

*

जुन्या छोट्या पेट्रोल गाडीचा खालचा सांगाडा, इंजिन आणि कागदपत्रं मेजरांनी मिळवली. बदल करायची रीतसर परवानगी काढली. वरची बॉडी किट म्हणून मागवली. दोनच सीट, बसकी, उघडी, बॉनेट लांबलचक. लाकडी खोक्यातून फायबरचे भाग आले आणि मोकळ्या गोठ्यात उतरले. म्हशी विकल्यापासून गोठा रिकामाच होता.

पहिल्याच दिवशी घोटाळा लक्षात आला. त्या बॉडीला दारंच नव्हती. परदेशी डिझाइन. पाय टाकून आत उडी मारायची. मेजरांनी मारून दाखवली.

वहिनी गोठ्याबाहेरूनच बोलल्या, "मी काय गव्हाण वलांडू व्हय?"

म्हणून मेहबूबभाईंना सांगलीहून बोलावणं गेलं. ते फायबरला हात लावतात तेव्हा लहान मुलाला आंघोळ घालावी तसा लावतात. त्यांनी बॉडीभोवती फेरी मारली आणि म्हणाले, "दार कापतो. पर भाभी बसतील कशा ते बघायला पायजे. आदी पाय की आदी बूड?"

वहिनी काही गोठ्यात यायला तयार नाहीत. पेट्रोलचा वास. मग मेजरांनीच दोरीवरची वहिनींची साडी काढली, पँटवरून गुंडाळली, डोक्यावरून पदर घेतला आणि सीटवर आधी बूड, मग पाय, अशी प्रॅक्टिस सुरू केली. मेहबूबभाई खडूनं खुणा करतायत. मी पदर धरलाय. अशात ग्रामपंचायतीचे शिपाई पाणीपट्टीची पावती द्यायला दारात.

शिपायांनी पावती दिली, मेजरांना नमस्कार केला आणि आल्या वाटेनं निघून गेले. मेजर साडीत, ताठ उभे. मला हसूही येईना.

तेवढ्यात वहिनी ओसरीवरून म्हणाल्या, "पदर आत घ्या आवं, दारात अडकंल."

*

दार झालं, पण फायबरचा वास जाईना. केमिकलचा वास, मला काही वाटत नव्हतं, पण वहिनी अंगणाच्या पलीकडून तोंडाला पदर लावायच्या. मेहबूबभाई म्हणाले, उन्हात ठेवा, बॉडी पिकू द्या.

मग रोज सकाळी मेजर गाडी ढकलत अंगणात आणणार आणि हाक मारणार, "आगं, बघ जरा." वहिनी चार पावलं पुढं येणार, हुंगणार, मान हलवणार. मेजर गाडी परत आत ढकलणार. सबंध फाल्गुन असाच गेला. मेजरांनी दाढी करायचं सोडून दिलं होतं. मला त्यांची काळजी वाटायला लागली.

एके दिवशी गेलो तर त्या लांबलचक बॉनेटवर पांढरी साडी अंथरलेली आणि तिच्यावर कुरडया वाळत घातलेल्या. मेजर बाजूला काठी घेऊन कावळे हाकतायत. दाढी गुळगुळीत.

"वास गेला वाटतं वहिनी?" मी विचारलं.

"गेला की," वहिनी म्हणाल्या. "पर कुरडया वाळंपतुर गाडी हलवू नका म्हणावं."

*

लायटिंग माझ्याकडे. आता माझा हात मांडवाचा. मी वायरिंग पूर्ण केलं, मेजरांनी डावा इंडिकेटर दाबला. पुढचा डावा लागला, मग पुढचा उजवा, मग मागचा उजवा, मग मागचा डावा, आणि पुन्हा पहिल्यापासून. दिसायला फार छान दिसत होतं.

मेहबूबभाई बघत राहिले. म्हणाले, "दादा, ही गाडी कुठं वळणार हाय, का नुसती गोल फिरणार?"

सगळं उकलून परत केलं.

हेडलाइटचं तर विचारूच नका. मेहबूबभाई आणि मी, दोघांनी गवंड्याची पाणसळ लावून दोन्ही दिवे एका रेषेत बसवले. बुडबुडा अगदी मधोमध. गाडी रस्त्यावर आणली तर एक दिवा वर, एक खाली. गाडीनं मान वाकडी केल्यासारखं दिसत होतं. परत गोठ्यात नेली, पाणसळ लावली, बुडबुडा मधोमध. बाहेर काढली, मान वाकडी. मेहबूबभाईंनी पाणसळच बदलून आणली. तेच.

वहिनी शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "गोठ्याला ढाळ असतुया, भावजी. मुतारीकडं."

आम्ही तिघांनी खाली बघितलं. मेजर त्या गोठ्यात लहानाचे मोठे झालेले.

*

ब्रेकलाइट तपासायला मागं एक माणूस लागतो, कारण पाय आत आणि दिवा मागं. माझे हात वायरीत, मेहबूबभाई सांगलीला गेलेले. मेजरांनी वहिनींना उभं केलं.

"लागला का?"

"लागला."

"आता?"

"लागला."

मी वायर काढली. मेजरांनी विचारलं, "आता?" वहिनी म्हणाल्या, "लागला, लागला."

मी मागं जाऊन पाहिलं तर दिवा ठार बंद. सकाळपासून एकदाही लागला नव्हता. म्हटलं, "वहिनी, अहो हे काय?"

त्या हळूच म्हणाल्या, "कवाधरनं इचारत्यात बिचारे. न्हाई कसं म्हणायचं?"

*

गाडी तयार झाली. पेंग्विनला लावतात तो निळा रंग मेहबूबभाईंनी दिला. रस्त्यात माणसं थांबून बघायची. आणि वहिनी काही बसेनात.

आज उपास आहे. आज ऊन आहे. आज पाहुणे यायचेत. मेजर रोज गाडी पुसायचे, दार उघडून धरायचे, थोडा वेळ थांबायचे आणि लावून घ्यायचे. मग एकटेच फाट्यापर्यंत जाऊन यायचे. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मेहबूबभाई वैतागले. "कापताना येवढं मापून कापलं आन् भाभी बसंनात!"

एकदा मेजर नव्हते तेव्हा मी वहिनींना विचारलंच. त्या चुलीपुढून उठल्या नाहीत. पिशवीची चौघडी मुठीत होती, घरातसुद्धा.

म्हणाल्या, "भावजी, आन् यातबी लागली तर? यांनी दोन वर्सं दुसरं काय केलं न्हाई. बसले न्हाई तवर आस तरी हाय. बसून लागली तर ते कुटं बघतील? आन् सुरेखाचं घर मग कायमचंच ऱ्हायलं की."

चहा प्यालो आणि निघालो. रस्त्यात मेजर भेटले, एकटे, निळ्या गाडीत. हात केला. वहिनी काय म्हणाल्या ते मी त्यांना सांगितलं नाही.

*

आणि मग संक्रांतीनंतर सुरेखाचा फोन आला. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात पाय घसरला, घोट्याला प्लॅस्टर. यंदा खाली येणं जमणार नाही. फोनवर हसत होती, पण वहिनी आई आहेत. त्यांनी फोन ठेवला, साडी बदलली आणि अंगणात येऊन म्हणाल्या, "काढा गाडी."

मेजरांनी त्या क्षणी मला फोन लावला. मेहबूबभाई नेमके साताऱ्यात होते. गाडीत दोनच सीट, म्हणून आम्ही दोघं माझ्या मोटरसायकलवर मागं.

वहिनींनी डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलेला. आधी बूड, मग पाय. पदर मेजरांनी स्वतः आत घेतला. मुठीत पिशवी.

वाईपर्यंत ठीक. पसरणीचा घाट सुरू झाला आणि मेहबूबभाईंनी माझी कंबर धरली. मेजर इतके हळू चालवत होते की मागच्या गाड्या हॉर्न मारून मारून थकल्या. आमची नजर त्या दोन ब्रेकलाइटवर. दिवे मीच बसवलेले, पण जरा लाल झाले की माझाही पाय ब्रेकवर. लागली बहुतेक. नाही, वळण होतं. पुन्हा लाल. माकडं होती. तिसरं वळण आलं. पार पडलं.

आणि बरंच वर गेल्यावर दोन्ही दिवे लागले आणि लागलेलेच राहिले. गाडी कडेला थांबली. दार उघडलं. वहिनी उतरल्या, पिशवी घेऊन तडक कठड्याकडे गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मेजर स्टेअरिंगवरून हलले नाहीत. समोर बघत होते. मेहबूबभाईंनी मान वळवली आणि दुवा पुटपुटायला लागले. मीही खाली बघितलं.

मग वहिनींचा आवाज आला.

"आवं, वाई येवढीशीच हाय व्हय?"

मेजर उतरले आणि त्यांच्याशेजारी जाऊन उभे राहिले. खाली धोम धरणाचं पाणी दिसत होतं. त्यांनी बोट करून काहीतरी दाखवलं. आम्ही जवळ गेलो नाही.

पाचगणीत सुरेखा काठी टेकत दारात आली. निळी गाडी बघितली, आत कोण बसलंय ते बघितलं आणि तिथंच पायरीवर बसून रडायला लागली. वहिनी तिला ओलांडूनच आत गेल्या. लेकीचं स्वयंपाकघर बघितलं, डबे उघडून बघितले, मागचं दार, मोरी, देव, सगळं. मग बाहेर येऊन तिच्या शेजारी पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "फोनवर सांगितलंस तसंच हाय सगळं."

मेजर गाडी पुसत होते. पुसण्यासारखं काही नव्हतं.

आम्हाला उन्हं उतरायच्या आत खाली पोचायचं होतं. ते दोघं राहणार होते. मी मोटरसायकलला किक मारली तशा वहिनी लगबगीनं फाटकापर्यंत आल्या आणि हातातली पिशवी मेहबूबभाईंच्या पुढं धरली. स्ट्रॉबेऱ्यांनी गच्च भरलेली.

मेहबूबभाईंनी पिशवी ओळखली. हात पुढं करावा की नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर.

"घ्या की, भाई," वहिनी म्हणाल्या. "कोरी हाय."