भास्करचा झेल

काल भास्करच्या तेराव्याला वहिनींनी त्याचा बेसबॉलचा हातमोजा माझ्या हाती दिला. चामड्याला ताज्या खोबरेलाचा वास येत होता. म्हणजे शेवटपर्यंत तो त्याला तेल लावत होता. त्या वासासरशी मी नाशिकच्या आमच्या जुन्या मैदानावर जाऊन पोहोचलो.

ऐंशीच्या दशकात विद्यापीठाच्या संघात कळवणचा भास्कर बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलत असे, तोंडावर काहीही न लावता. जाळीच्या मुखवट्यासाठी संघाच्या वतीने मी केलेल्या प्रत्येक अर्जाला विद्यापीठाकडून एकच निर्लज्ज उत्तर येई: मान्यता नसलेल्या खेळास साहित्य देता येत नाही. त्या दुपारी चेंडू बॅटला निसटता लागून थेट त्याच्या डाव्या डोळ्यावर आदळला आणि मातीत पडला. मी धावत जाऊन त्याचे डोके मांडीवर घेतले. खोबरेलाच्या वासात रक्ताचा वास मिसळला होता.

"वकीलसाहेब," माझे संघातले टोपणनाव घेत तो पुटपुटला, "लय नियम सांगता ना? मग सांगा, झेल सुटला नाय ना?"

"नाही रे. बॅटर आऊट."

तो हसला. डोळा मात्र कायमचा गेला. त्याबद्दल जाब विचारणारी माझी पत्रे आजतागायत अनुत्तरित आहेत.

जन्मभर मी नियमाला धरून बोललो. तेवढा एकच निकाल खोटा दिला, आणि तो मी कधीही फिरवणार नाही.