निरगुडसरची आकाशी फ्रेम

रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं जुन्या पोलादी नळीवरून फिरवलं की जो किंचित गोडसर, उग्र वास सुटतो, तो मला अत्तराहून प्रिय आहे. रविवारची सकाळ, अंगणात कोवळं ऊन आणि मांडीवर एक इटालियन फ्रेम. चाकं नाहीत, हँडल नाही, नुसता सायकलीचा सांगाडा. नव्वदच्या दशकात, मंचरच्या शाळेत चित्रकला शिकवत असताना, पुण्याच्या जुन्या बाजारातल्या भंगारात अशी पहिली फ्रेम मला सापडली. कुण्या शर्यतपटूनं हौसेनं मागवलेली असावी. नळ्या जिथं एकमेकींना भेटतात, तिथले सांधे कुणा कारागिरानं कानशीनं घासून पिंपळपानाच्या टोकासारखे निमुळते केले होते. त्या टोकांनी मला वेड लावलं. पाच-सहा वर्षांत बैठकीत तीन फ्रेमी लटकल्या. "लोकांच्या भिंतीवर देवांच्या तसबिरी असतात," बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्याकडे सापळे."

एकदा कळंबचा एक दूधवाला म्हणाला, "सर, निरगुडसरला एका घरात फॉरेनची सायकल टांगलीया." मी त्याच दुपारी स्कूटर काढली.

घर एका पन्नाशीच्या शेतकरी बाईंचं. त्यांनी कांद्याच्या खोलीतल्या खुंटीवरून जुन्या लुगड्यातलं बोचकं काढलं, सोडलं, आणि आतून फिकट आकाशी रंग उजळला. असे नाजूक सांधे मी पाहिलेच नव्हते. त्यांनी सांगितलं, बऱ्याच वर्षांपूर्वी एक इटालियन माणूस जुन्नरची लेणी बघायला सायकलवरून निघाला होता. त्यांच्या दारासमोरच म्हशीला धडकला. चाकांचा चेंदामेंदा झाला, पाय सुजून भोपळा. बाईंच्या घरानं त्याला आठ दिवस सांभाळलं. काठी टेकत निघताना तो खुणेनं सांगून गेला, ही ठेवा, मी येईन.

"मावशी, मला द्या ही," मी म्हणालो.

"आन् पावणं आलं म्हंजी?"

"इतक्या वर्षांत आला नाही, आता कशाला येतोय? जिवंत तरी आहे की नाही, कुणास ठाऊक."

त्यांनी लुगडं पुन्हा गुंडाळलं. "कुनाबद्दल आसं बोलू न्हाई, सर. चहा घ्या आन् निघा."

अर्धा चहा तसाच ठेवून मी निघालो. हावेपोटी मी एका माणसाला बसल्याबसल्या मारून टाकलं होतं. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो, दारातच चूक कबूल केली. म्हटलं, "मला नको. पण सांध्यांना गंज चढलाय, तेवढा काढू द्या."

त्यांनी खुंटीवरचं बोचकं ओसरीवर आणून ठेवलं. "काढा. पर हितंच बसून."

मग अधूनमधून तसे रविवार येत राहिले. मी ओसरीवर घासत बसायचो, त्या शेंगा फोडत बसायच्या. एकदा त्यांनी सांध्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "भाकरीची कड आशीच पातळ थापावी लागती. लई हात बसल्याबिगर जमत न्हाई." इतकं नेमकं कौतुक मी कुठल्या जाणकाराकडूनही ऐकलं नव्हतं.

दोन हजार साल उलटून गेल्यावर, एका हिवाळ्यात शाळेत निरोप आला, "पावणं आल्यात. लगोलग या."

ओसरीवर पांढऱ्या केसांचा, चांगलाच सुटलेला एक माणूस बशीतून चहा पीत होता. मावशींनी बोचकं त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं ते सोडलं, सांध्यांवरून अंगठा फिरवला आणि लहान मुलासारखा रडू लागला. त्याच्या मोडक्या आणि माझ्या त्याहून मोडक्या इंग्रजीतून उलगडलं ते असं, की ही फ्रेम त्याच्या थोरल्या भावानं स्वतःच्या हातानं बांधली होती, आणि तो भाऊ आता नव्हता. याच माणसाला मी मेलेला ठरवलं होतं, माझी मान वर होईना. मावशी मात्र माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यांनी घासूनपुसून ठिवली." पाहुण्यानं मला असं कवटाळलं की माझ्या हातातल्या बशीतला चहा दोघांच्या अंगावर सांडला, आणि मग तिघंही हसत सुटलो.

आम्ही फ्रेम गोधडीत बांधून पाहुण्याच्या भाड्याच्या जीपमध्ये ठेवली. जीप वळणाआड गेली तेव्हा मला वाटलं, आता हुरहूर लागेल. लागली ती कडकडून भूक. मावशींनी तवा टाकला, पिठलं ढवळलं. मी तीन भाकरी खाल्ल्या.

त्यानंतर मी आणखी दोन फ्रेमी मिळवल्या, चांगल्या आहेत. पण डोळे मिटून जिचा प्रत्येक उंचवटा मला बोटांनी सांगता येईल, ती दूर इटलीत कुठल्याशा घरात आहे. ती माझी कधीच नव्हती. तिच्यावर घालवलेले रविवार मात्र सगळे माझेच आहेत.