बरोबरीत सोडवलेली कुस्ती

ज्या संध्याकाळी टीव्हीवरच्या निळ्या पोशाखातील पैलवानाने आपल्याच जोडीदाराच्या पाठीत लोखंडी खुर्ची घातली, त्या संध्याकाळी माझ्या मोठ्या भावाने जेवणाचे ताट डाव्या हाताने दूर सारले. उजवा हात लकव्याने गेला होता आणि जीभही अर्धीच वळत असे. तरी त्याच्या तोंडून निघालेले दोन शब्द मला स्पष्ट कळले.

“निया बदलला.”

निळ्याला आमच्याकडे निया म्हणतात, आणि दादाने त्या परदेशी पैलवानाला तेच नाव देऊन टाकले होते. वहिनी दारातून म्हणाल्या, “अहो, त्या उघड्या बुवानं खुर्ची मारली म्हणून माह्या भाजीवर कायले राग काढता?” एरवी दादा हसला असता. त्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

मी महागावच्या तहसील कचेरीसमोर निंबाखाली चाळीस वर्षे अर्जनवीस होतो. लोकांच्या तक्रारी, हरकती आणि फेरतपासणीचे अर्ज लिहिणे हा माझा व्यवसाय. अन्याय दिसला की कागद ओढणे हा माझा स्वभाव. दादा तरुणपणी पैलवान होता. पुढे पंचक्रोशीतील दंगलींचा, म्हणजे कुस्त्यांच्या फडांचा, पंच झाला आणि नंतर काहीच झाला नाही. त्या ‘काहीच नाही’चे कारण पुढे येईल.

लकवा झाल्यापासून मी रोज संध्याकाळी गल्ली ओलांडून त्याच्याकडे जात असे. हिंदी समालोचनासह ती परदेशी कुस्ती लागे आणि आम्ही दोघे म्हातारे समोर बसत असू. हे सारे आधीच ठरवून खेळलेले असते, त्याला नुरा कुस्ती म्हणतात, हे मी त्याला पहिल्याच आठवड्यात सप्रमाण सांगितले होते. तो म्हणाला होता, “मले कायले शिकवतं? नुरा हाय ते मले बी दिसते. पण नुरा करनाऱ्याले बी पडा तं लागतेच ना? हाड तं त्याचंच मोडते.”

नियावर त्याचा जीव होता त्याचे कारण एकच. प्रतिस्पर्धी खाली पडला की निया दोन पावले मागे सरून तो उठेपर्यंत थांबायचा. “पडलेल्यावर हात टाकत नाई. मातीचा पोरगा हाय,” दादा म्हणायचा. दिवसभर छताकडे पाहणारा तो माणूस संध्याकाळी उशीला पाठ टेकून बसण्याचा हट्ट धरायचा, तो या थांबण्यासाठी. आणि त्याच नियाने, जोडीदार हात उंचावून टाळ्या घेत असताना, मागून खुर्ची घातली. पुढच्या आठवड्यात तो काळ्या पोशाखात आला आणि प्रेक्षकांना शिव्या देऊ लागला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून आपलाच जबाब नाकारणाऱ्या साक्षीदाराला कचेरीत फितूर म्हणतात. मी असे शेकडो पाहिले होते. परंतु फितूर साक्षीदारापायी कोणी जेवण सोडल्याचे पाहिले नव्हते.

मी त्या टीव्ही वाहिनीला पत्र लिहिले. प्रेक्षक आणि प्रक्षेपक यांच्यात एक गर्भित करार असतो, वर्षानुवर्षे सज्जन म्हणून दाखविलेल्या व्यक्तीस विनाकारण दुर्जन ठरविणे हा त्या कराराचा भंग आहे, आणि एका आजारी प्रेक्षकाच्या प्रकृतीवर त्याचा प्रत्यक्ष परिणाम झाला आहे, असे तीन परिच्छेद पोचपावतीसह धाडले. उत्तर आले नाही. दुसऱ्या पत्राची भाषा अधिक कडक होती. ते ‘पत्ता अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत आले. वहिनी ते पाकीट उलटसुलट करून म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्या कागदानं त्या गोऱ्याले फाशी होते का काळं पानी?”

तिसऱ्या पत्राचा मसुदा मी दादाला वाचून दाखवत होतो. त्याने डावा हात उचलून मला थांबवले.

“कोनाचं नाव लिवलं त्यात?”

“त्या पैलवानाचं. अन् व्यवस्थापकाचं.”

“नियाचा काय दोष?” एकेक शब्द तो ओढून आणत होता. “त्याले सांगतलं असन... आजपासून तू वाईट. हे कोन ठरवते?”

“त्यांचे लेखक असतात, दादा. ते कथा लिहून देतात अन् हे खेळतात.”

तो म्हणाला, “म्हंजे लिवनारानं केलं त्याले वाईट.”

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिले असते. त्याने मान पुन्हा पडद्याकडे वळवली आणि मी मसुदा अर्धवट ठेवून पेनाला टोपण लावले.

आता ते कारण सांगतो. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. पोळ्यानंतर आमच्या गावात मोठी दंगल भरत असे. शेवटची कुस्ती मानाची. त्या वर्षी ती आमच्या गावच्या पैलवानाची आणि शेजारच्या तांड्यावरील पैलवानाची लागली होती. पंच दादा. छापील पत्रकात स्वच्छ लिहिले होते : ‘शेवटची कुस्ती निकाली होईपर्यंत सोडविली जाणार नाही.’ तासभर झुंज चालली, आणि तांड्याचा पैलवान वरचढ होऊ लागल्याचे मला दिसत असतानाच दादाने दोघांचे हात धरून वर केले. बरोबरी! मानाचे चांदीचे कडे कोणालाच मिळाले नाही. ते हनुमानाच्या देवळात ठेवले गेले. लोक कुरकुरत घरी गेले.

मी मात्र घरी जाऊन कागद ओढला. पत्रकातील अटीचा भंग झाला आहे, एक पैलवान वरचढ होत असूनही दोघांनी शेवटच्या घटकेत जोर लावलेला दिसत नाही, सबब ही नुरा कुस्ती असून पंचाच्या संमतीवाचून ती शक्य नाही, असा अर्ज दंगल समितीकडे केला. पंच माझा सख्खा भाऊ आहे, हे मी अर्जात स्वतःहून नमूद केले. नात्याला झुकते माप दिले नाही याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता. आजही ते वाक्य मला जसेच्या तसे पाठ आहे.

समितीने दादाला चावडीवर बोलावले. “काही सांगायचं हाय का?” या प्रश्नाला त्याने “नाई” एवढेच उत्तर दिले. पंचाचा फेटा त्याने डोक्यावरून उतरवला, नीट घडी केली आणि सतरंजीवर ठेवला. त्यानंतर तो कधी मैदानात गेला नाही. पोरेटोरे त्याला पाहून ‘नुरा, नुरा’ ओरडत. माझ्याशी तो पूर्वीसारखाच बोलत राहिला. मला ‘वकीलसायेब’ म्हणून चिडवणेही त्याने सोडले नाही. म्हणून मी समजून चाललो की त्याने आपला दोष मान्य केला आहे.

‘लिवनारानं केलं’ हे ऐकल्यावर तीन रात्री मला झोप आली नाही; दादालाही माझ्याच कागदाने वाईट ठरवले, तो निर्दोष असावा, असे वाटत राहिले. चौथ्या दिवशी मी आयुष्यातील सर्वांत अवघड अर्ज लिहिला. विषय : पूर्वीची तक्रार बिनशर्त मागे घेणे. अर्जदाराने केवळ अनुमानावर विसंबून एका निष्कलंक पंचावर आरोप केला, सदर कुस्ती खरी होती, सबब अर्जदार जाहीर माफी मागत आहे. त्या दिवशी टीव्ही बंद करून मी दादाला तो कागद वाचून दाखवला. वाचताना मी प्रत्येक स्वल्पविरामावर थांबत होतो.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, “खोटं हाय.”

“काय खोटं?”

“कुस्ती नुराच होती. मीच सांगतलं होतं दोघाईले.”

वहिनी चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला नाही. म्हणजे त्यांना ठाऊक होते. मग दादाने अडखळत आणि वहिनींनी त्याचे शब्द पुरे करीत मला सारे सांगितले. आदल्या वर्षीच्या निकाली कुस्तीनंतर गाव आणि तांडा यांच्यात दगडफेक झाली होती, दोघांची डोकी फुटली होती, हे मलाही आठवत होते. तांड्याची माणसे तेव्हापासून बाजाराला आमच्या गावातून न जाता वळसा घालून जात होती. त्या वर्षी कोणीही जिंकला असता तरी रक्त सांडणार होते, कारण दोन्हीकडच्यांनी गाड्यांत काठ्या भरून ठेवल्या होत्या. म्हणून दादा आदल्या दिवशी एकटाच दोन्ही तालमींत गेला. दोन्ही पैलवानांना त्याने मारुतीची शपथ घातली : तासभर दम दाखवा, मग मी हात वर करीन, आणि हे मरेपर्यंत बोलू नका. पुढच्या पोळ्यापर्यंत तांड्याच्या गाड्या पुन्हा आमच्या वेशीतून जाऊ लागल्या.

“मंग चावडीवर काहून नाई सांगतलं?” मी ओरडलो. माझा संताप कोणावर होता ते मला आजही सांगता येत नाही.

“सांगतलं असतं तं दोन्हीकडचे म्हनते, आमचा पैलवान जिंकत होता, पंचानं अडोला. तेच दगड परत. त्याहून एकटा पंच वाईट झालेला बरा.” तो पुढे म्हणाला, “कोनाले तरी वाईट व्हाच लागते, बापू. नाई तं खेळ मोडते.”

“मले तरी सांगाचं. मी सख्खा भाऊ.”

“तुले सांगतलं असतं,” दादाच्या तोंडाचा चांगला कोपरा हसला, “तं तू त्याचा बी अर्ज केला असता.”

केला असता.

माझी तक्रार वस्तुस्थितीला धरून होती. तिच्यातील एकही वाक्य खोटे नव्हते. आणि त्या खऱ्या वाक्यांनी मी एका सज्जन माणसाला तीस वर्षे काळ्या पोशाखात उभे केले होते. मी म्हणालो, आता तरी मला खरे काय ते गावापुढे मांडू दे. त्याने मान हलवली. “ते दोघं जिते हायत तवर नाई. त्याईनं शपथ पायली. तू बी पाय.” मी त्याच्या चालत्या हातावर हात ठेवून ती शपथ पाळण्याचे वचन दिले.

त्यानंतर पाचव्या आठवड्यात दादा गेला. निया तोवर काळ्या पोशाखातच होता. दादा शेवटपर्यंत म्हणत असे, “येईन तो परत निळ्यात. लिवनारे बनवते तसं.”

आमच्याकडे चिता पेटल्यावर घाटावरच शोकसभा होते. लोक जमिनीवर बसतात आणि एकेक जण उठून दोन शब्द बोलतो. ते दोन्ही पैलवान आले होते, आता काठी टेकणारे. तांड्यावरील म्हाताऱ्याने रुमालातून तालमीची तांबडी माती आणली होती. अग्नी देण्याआधी ती माती चितेवर ठेवताना दोघांनी तिच्यातील चिमूट चिमूट एकमेकांच्या तळहातावर ठेवली. कुस्ती लागण्यापूर्वी ठेवतात तशी. पाहणाऱ्यांना ती जुनी सवय वाटली असेल.

समितीचे एक जुने सदस्य बोलायला उठले. माणूस देव होता म्हणाले, आणि मोठ्या मनाने पुढे म्हणाले, “एकदाच चुकला बिचारा, त्या कुस्तीत. पन मेल्यावर काय बोलाचं ते?” आमच्या गावचा म्हातारा पैलवान काठीवर जोर देऊन उठू लागला. तांड्याच्या म्हाताऱ्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो पुन्हा खाली बसला.

मग माझे नाव पुकारले गेले. बंडीच्या खिशात तो माफीचा कागद होता, जो दाखल करता येत नव्हता, कारण तो खोटा होता. आणि जे खरे होते त्याला वचनाचा मनाई हुकूम होता. आयुष्यभर लोकांच्या वतीने शब्द जुळवणाऱ्या माणसाला स्वतःच्या भावासाठी एकच वाक्य सापडले.

“पंच म्हणून त्याने दिलेला निकाल मला मान्य आहे,” मी म्हणालो, आणि बसलो.

लोकांना ते धाकट्या भावाचे औपचारिक बोलणे वाटले. फक्त त्या दोघांच्या माना एकाच वेळी वर आल्या. आम्ही तिघे एकमेकांकडे पाहत राहिलो, आणि मग तिघांनीही नजर जमिनीकडे वळवली.

तांड्यावरील म्हातारा गेल्या वर्षी गेला, आमच्या गावचा या उन्हाळ्यात. वचनाची मुदत संपली आहे, म्हणून हे लिहितो. तरी नावे लिहीत नाही. कडे अजून देवळातच आहे. ज्याला हा निकाल मान्य असल्याचे कळवायचे होते, त्याच्यासाठी माझा तो शब्द तीस वर्षे उशिराने निघाला, आणि त्याची चिता तेव्हा अर्धी जळून गेली होती.